खांबावरची शेवटची ओळ

नंबरकाकांचं दुकान दहा फूट खोल आणि सात फूट रुंद. डोळे तपासायला मात्र वीस फूट अंतर लागतं. दुकान घेताना हा हिशेब काकांच्या लक्षात आला नाही असं नाही. आला, पण कागदावर सही झाल्यावर आला. मग त्यांनी एक स्टूल उंबरठ्याच्या आत दोन फुटांवर ठेवलं, हातात टेप घेऊन रस्ता ओलांडला, आणि बरोबर वीस फूट भरले तिथे समोरच्या फुटपाथच्या कडेला पालिकेचा दिव्याचा खांब उभा असलेला त्यांना दिसला. खांब आपल्यासाठीच उभा केला आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी एक हूक ठोकून घेतला आणि अक्षरांचा तक्ता तिथे टांगला. या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली होती. परवानगी तेव्हा विचारायची राहिली, आणि नंतर विचारली तर ‘इतके दिवस काय करत होता’ असं कोणी म्हणेल, म्हणून राहूनच गेली.

गिऱ्हाईक दुकानात स्टुलावर, तक्ता रस्त्यापलीकडे, आणि मधून गल्लीची सगळी वाहतूक. मोठा टेम्पो आला की तपासणी थांबायची. टेम्पो बेकरीसमोर उभा राहिला तर काका गिऱ्हाइकाशी त्याच्या मुलाबाळांच्या गोष्टी काढायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना एकमेकांच्या घरची माहिती अशी टेम्पोच्या आडोशानेच झालेली होती.

रोज सकाळी नऊ वाजता काका तक्ता काखेत मारून रस्ता ओलांडायचे, हुकाला अडकवायचे, फडक्याने वरवर पुसायचे आणि मागे न बघता परत यायचे. संध्याकाळी सात वाजता तो उतरवायचे. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणालाही करू दिलं नाही. काकूंनासुद्धा नाही. काकू दुकानात मागच्या टेबलाशी बसायच्या. फ्रेमचे स्क्रू आवळणं, वाकड्या काड्या सरळ करणं, नाकावर टेकणारे नोजपॅड बदलणं ही सगळी कामं त्यांची. गिऱ्हाईक यायचं काकांच्या नावावर आणि टिकायचं काकूंच्या हातावर, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही असावं.

काकांचा एक नियम होता. गिऱ्हाईक अडखळलं, डोळे बारीक करायला लागलं, की ते शांतपणे म्हणायचे, “अंदाज नको. दिसतंय ते सांगा.” रांगेत बसून ऐकून ऐकून कोणी तक्ता पाठ केलाय अशी शंका आली, तर ते त्याला ओळ उलटी वाचायला लावायचे. पाठ केलेला माणूस उलट्या वाटेवर तिसऱ्याच अक्षराला पडतो. असे किती जण त्यांनी पकडले होते, त्याच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे.

तक्त्याला आठ ओळी होत्या. चष्म्याच्या नंबरासाठी सातवीपर्यंत पुरायच्या. आठवी, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांची, काकांनी हौसेसाठी ठेवलेली होती. ती कोणी वाचली की काका काकूंकडे वळून “बघितलंस?” म्हणायचे आणि त्या गिऱ्हाइकाला चष्मा पुसायचं नवं फडकं मिळायचं. पण गेली तीनचार वर्षं फडक्यांचा गठ्ठा तसाच पडून होता. आठवी ओळ कोणालाच वाचता येईना. तरुण पोरं, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली, सगळे सातव्या ओळीशी थांबायचे आणि म्हणायचे, पुढे काही नाही. काका हळहळायचे. मोबाईलने पिढीच्या पिढी गेली म्हणायचे. मग स्वतः स्टुलाशी उभे राहून, रस्त्यापलीकडे बघत, आठवी ओळ खडाखडा वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, “सत्तर पूर्ण आहेत मला.”

अशा या सुरळीत चाललेल्या आयुष्यात पालिकेची नोटीस आली. गल्लीतून सायकल ट्रॅक जाणार होता. समोरच्या बाजूचं पार्किंग बंद, फुटपाथची आखणी नवीन, आणि दिव्याचे सगळे खांब चार फूट मागे. नागरिकांनी हरकती व सूचना तीन आठवड्यांत द्याव्यात असं खाली लिहिलं होतं.

चार फूट. काकांनी नोटीस दोनदा वाचली, टेप काढला, आणि मापायची गरज नसताना मापलं. खांब चार फूट मागे गेला तर स्टूल चार फूट पुढे घ्यावं लागणार, म्हणजे दोन फूट उंबरठ्याबाहेर, म्हणजे भर फुटपाथवर. एका डोळ्यावर हात ठेवून फुटपाथवर बसलेल्या माणसाला येणारेजाणारे काय समजतील, या विचाराने त्यांना घाम फुटला.

काकू स्क्रू आवळता आवळता म्हणाल्या, की आरसा लावा. आतल्या भिंतीला आरसा, दारावर तक्ता, दहा फूट जाणार, दहा फूट येणार, झाले वीस. हे त्या तीस वर्षं सांगत होत्या. सुरुवातीला चांगला आरसा परवडत नव्हता हे खरं होतं. नंतर परवडायला लागला तेव्हा काकांनी तत्त्व शोधून काढलं होतं. आरशातलं ते खरं नव्हे, असं ते म्हणायचे. “तुमच्या गिऱ्हाइकांना चष्मा कसा शोभतो ते मी रोज आरशातच दाखवते,” असं काकू म्हणायच्या, आणि विषय तिथेच थांबायचा.

गल्लीत हरकतींचं पीक मात्र जोरात आलं. पुढाकार बाईंनी घेतला. बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाकावर उभं केलेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर बसताना माणसं आजही नखं लपवायची. त्यांनी शाळेच्याच एका वर्गात सभा बोलावली. तिसरीच्या बाकांत पन्नाशीचे लोक गुडघे छातीशी घेऊन बसले आणि एकेकाने आपली चिंता मांडली. बेकरीवाला म्हणाला, त्याची गिऱ्हाइकं फक्त दोन मिनिटं गाडी लावतात. दोन मिनिटांत माणूस पाव घेतो, बिस्किटं घेतो, कोणाकोणाची लग्नं मोडली ते ऐकतो, हे त्याने सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दुपारच्या झोपेत घंट्या ऐकू येतील अशी भीती होती, आणि त्यांना तर सभेतलं बोलणंही ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्यांनी रस्ता ओलांडायचा कसा, असं तळमळून विचारणाऱ्या गृहस्थांनी स्कूटर घेतल्यापासून स्वतः कधी रस्ता पायी ओलांडला नव्हता. कोणाला बाहेरचे लोक गल्लीत येतील असं वाटत होतं. सायकलवरून.

पालिकेकडून एक तरुण इंजिनिअर आली होती. ती सगळं लिहून घेत होती, आणि त्यामुळे बोलणाऱ्यांना हुरूप येत होता. शेवटी बाईंनी मुद्द्याला हात घातला. या गल्लीतून सायकली जातातच किती? इंजिनिअरने वही बघून सांगितलं, की पालिकेने सहा दिवस मोजल्या, चारशे तीन भरल्या. वर्गात हशा पिकला. चारशे तीन सायकली कोणी पाहिल्याचं कोणाला आठवेना.

“मग तुम्ही मोजा,” इंजिनिअर म्हणाली. “सोमवार ते शनिवार. रविवारी आकडा द्या. तुमचा आकडा खरंच कमी निघाला तर मी आराखडा परत पाठवते. शब्द आहे माझा.”

दिवसभर रस्त्याकडे तोंड करून गल्लीत कोण बसतं, हा प्रश्नच नव्हता. सगळे बाक एकदम वळले. बाई म्हणाल्या, “डोळ्यांच्या माणसाने मोजलेलं कोण खोटं म्हणेल?” काकांच्या छातीत एक इंच भर पडली. आणि मनात, अगदी आत, खांब आपल्या जागी घट्ट रोवला गेला.

त्यांनी तोवर आपली हरकत लिहून दिली होती. खांब मागे गेल्यास दुकानासमोर अंधार होईल, असं तिच्यात लिहिलं होतं. दुकान सात वाजता बंद होतं, हे काकूंनी फॉर्म वाचताना बोलून दाखवलं. पण खरी हरकत लिहायची कशी? ज्या पालिकेला न विचारता तिच्या खांबावर अडतीस वर्षं तक्ता टांगला, तिलाच ‘माझ्या तक्त्याचं काय’ म्हणून विचारायचं, एवढं धैर्य काकांत नव्हतं.

सोमवारी त्यांनी एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर समासाची रेघ मारली आणि मोजायला बसले. काम त्यांनी मनापासून केलं, हे सांगायला हवं. लबाडी त्यांच्या स्वभावात नव्हती. गिऱ्हाइकाचा एक डोळा झाकलेला असतानाही सायकल गेली की ते “एक मिनिट हं” म्हणून रेघ मारायचे. जेवायला सुद्धा दुकानात बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू मागून म्हणाल्या, “ती राहिली.”

“काय राहिली?”

“सायकल. समोरच्या झाडाच्या सावलीतून गेली ना आत्ता.”

काका म्हणाले, ती सायकल नव्हती, माणूस चालत होता. काकू म्हणाल्या, तो माणूस चालताना पायडल मारत होता. यावर काकांनी आपण या धंद्यात किती वर्षं आहोत ते सांगितलं. काकूंनी लेन्सची एक रिकामी डबी समोर ओढली आणि जुना काढलेला एक नोजपॅड तिच्यात टाकला. त्यानंतर दिवसभर मागच्या टेबलावरून अधूनमधून ‘टप’ असा बारीक आवाज येत राहिला. सोमवारच्या आणि त्या सकाळच्या, वहीतल्या रेघांइतके नोजपॅड त्यांनी त्याच वेळी मोजून आत घातले. नवऱ्याला तेवढी सवलत दिली होती.

शनिवारी सात वाजले. काकांनी वही बंद केली आणि आकडा सांगितला: दोनशे सतरा. चारशे तीनचा फुगा फुटला होता. काकूंनी डबी टेबलावर उपडी केली आणि दहादहाचे ढीग लावले. तीनशे एक्क्याऐंशी भरले.

काका म्हणाले, तू एकच सायकल येताना-जाताना दोनदा धरलीस. त्या म्हणाल्या, तुम्हीही तशीच धरलीत, तीन वेळा रेघ मारताना बघितलं मी. काका म्हणाले, तू स्क्रूत डोकं घालून बसतेस. त्या म्हणाल्या, म्हणूनच एवढ्याच मोजल्या. मग काकांनी शेवटचं हत्यार काढलं. ते स्टुलाशी उभे राहिले. बाहेर अजून वाचण्यापुरता उजेड होता, तक्ता अजून खांबावर होता. त्यांनी डावा डोळा झाकला आणि पहिलीपासून आठवीपर्यंत सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या. मग उजवा झाकला आणि पुन्हा.

“आता सांग,” ते म्हणाले.

काकू उठल्या, पदराला हात पुसले आणि चपला घालून रस्ता ओलांडायला लागल्या. अडतीस वर्षांत खांबावरच्या तक्त्याजवळ त्या पहिल्यांदाच जात होत्या. काका दारात उभे राहून बघत होते. काकू खांबाशी थांबल्या. मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग टाचा उंच करून तक्ता हुकावरून काढला, काखेत मारला आणि परत आल्या. तो टेबलावर ठेवून त्यांनी काकांचा जवळचं वाचायचा चष्मा त्यांच्या हातात दिला.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “आठवी.”

काकांनी चष्मा लावला. तक्त्याचा वरचा भाग ठीक होता. सातवी ओळ फिकटली होती, पण होती. तिच्याखाली काहीच नव्हतं. अडतीस वर्षांच्या उन्हाने आठवी ओळ पार पुसून टाकली होती. काही ठिकाणी एखादा पिवळट ठिपका होता, तो अक्षराचा की माशीचा हेही सांगता येत नव्हतं.

म्हणजे तीनचार वर्षं ती सगळी पोरं खरं सांगत होती. आणि नसलेली ओळ रोज खडाखडा वाचणारा गल्लीत एकच माणूस होता.

काका स्टुलावर बसले. काकूंनी डबीत नोजपॅड भरायला घेतले. काका म्हणाले, “उलटीही म्हणता येते मला.”

“येणारच,” काकू म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी तिसरीचा वर्ग पुन्हा भरला. काकांच्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर दोनशे सतरा, दुसरीवर तीनशे एक्क्याऐंशी. काकूंनी त्यांना कोणती द्यायची ते सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारून पाहिलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मोजणी तुमच्या नावावर आहे. पहिली चिठ्ठी दिली तर गल्ली खूश, बाई खूश, खांब जागेवर. आणि खोटं तरी काय होतं त्यात? जेवढ्या दिसल्या तेवढ्याच लिहिल्या होत्या. दुसरी दिली तर खांब जाणार, आणि ती आली कुठून हे सांगताना आणखी बरंच जाणार होतं. डोळ्यांच्या माणसालाच दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या स्टुलावर कोण बसणार?

बाईंनी नाव पुकारलं. काका उठले, म्हणजे उठायला गेले, बाकात गुडघा अडकला, आणि शेजारच्या बेकरीवाल्याने त्यांना ओढून काढलं. त्यांनी पहिली चिठ्ठी काढली आणि आकडा वाचला. वर्गात टाळ्या पडल्या. बाईंनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने वहीत आकडा लिहिला, आणि तेवढ्यात काका म्हणाले, “तो लिहू नका.”

टाळ्या थांबल्या.

“मोजणाऱ्याला नंबर आहे,” काका म्हणाले. “कालच कळलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. झाडाच्या सावलीतली सायकल, नोजपॅड, पुसलेली ओळ, काहीच वगळलं नाही. सांगता सांगता खांबाचंही निघालं, कारण खांब वगळून ती गोष्ट सांगताच येत नव्हती. त्यांनी दुसरी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि ती काकूंची आहे असं स्पष्ट सांगितलं.

मग बाईंनी हळूच आपला चष्मा काढला आणि उजेडात धरला. ते बघून बेकरीवाल्याने आपला काढला. पाठोपाठ सगळ्या वर्गाने काढले. एवढी उघडी नाकं काकांनी एकत्र कधी पाहिली नव्हती. आताही नीट दिसत नव्हतीच.

“मग आमचे नंबर?” बाईंनी विचारलं.

काका म्हणाले, की तुमचे नंबर तुमच्या डोळ्यांनी ठरलेत. तक्ता तुम्ही वाचता, मी फक्त ऐकतो. कान माझे शाबूत आहेत. आठवी ओळ नंबरासाठी मी कधी धरलीच नाही, तिचं फक्त फडकं मिळायचं. ती फडकी ज्यांची राहिली असतील त्यांनी घेऊन जावीत. यावर पहिल्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग वर्ग आवरेना. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते आजोबाही हसले. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला, पण चष्मा परत नाकावर ठेवताना त्यांचीही जिवणी हलत होती.

इंजिनिअर मात्र वहीची मागची पानं चाळत होती. शेवटी तिला हवं ते पान मिळालं. तिने सांगितलं, की पाहणीत खांब क्रमांक सातवर एक फलक नोंदवलेला आहे. अक्षरं सुटीसुटी, अर्थ लागत नाही, जाहिरात कशाची ते कळत नाही. कार्यालयात दोन महिने त्यावर पत्रव्यवहार चालला होता. एका साहेबांचा अंदाज होता, की ही कुठल्या तरी गुप्त मंडळाची खूण असावी. ती फाइल आता बंद करता येईल म्हणून तिला मनापासून बरं वाटलं, आणि दंडाचा विषय तिने काढला नाही.

तीनशे एक्क्याऐंशी आणि चारशे तीन यांत भांडण्यासारखं काही उरलं नाही. ट्रॅक होणार हे ठरलं. बेकरीच्या बाजूला दोन गाड्यांपुरती जागा सोडायची, हे बाईंनी इंजिनिअरकडून लिहूनच घेतलं. तिथेही दहा मिनिटांची पाटी लागेल असं इंजिनिअरने ठणकावलं. आजोबांच्या घंटीची हरकत ‘विचाराधीन’ म्हणून नोंदवली गेली, त्यावर ते समाधानी दिसले. घरी जाताना बाई काकांना म्हणाल्या, की परीक्षेत दुसऱ्याचा पेपर आपल्या नावावर न खपवणारा विद्यार्थी त्यांना फार उशिरा मिळाला.

खांब हलायच्या आधीच आरसा आला. तो आणायला काकू स्वतः गेल्या आणि काकांना सोबत येऊ दिलं नाही. आतल्या भिंतीवर आरसा, दाराच्या वर नवा तक्ता, उलटा छापलेला, म्हणजे आरशात सुलटा दिसणारा. स्टूल दाराशी, तोंड आत. नवा तक्ता काकूंनी काकांना बाजारातून आल्यापासून बघू दिला नव्हता. अक्षरं वेगळी होती, क्रम वेगळा होता. काकूंनी तो स्वतः शिडीवर चढून टांगला, आणि मग काकांना स्टुलावर बसवलं.

“वाचा.”

काकांनी पहिली ओळ वाचली. दुसरी, तिसरी वाचली. चौथीला ते थोडे पुढे झुकले. पाचवीचं पहिलं अक्षर त्यांनी सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि तिसऱ्याला डोळे बारीक केले.

“अंदाज नको,” काकू मागून म्हणाल्या. “दिसतंय ते सांगा.”

काकांनी डोळे सैल सोडले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी पिंप सरकवत होतं.

“दिसत नाही,” ते म्हणाले.

हे दोन शब्द त्या दुकानात हजारो वेळा बोलले गेले होते. काकांच्या तोंडून पहिल्यांदाच. काकूंनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर बसवली, पेटीतून एक काच काढून आत सरकवली आणि विचारलं, आता? मग ती काढून दुसरी. ही बरी की आधीची बरी? काका म्हणाले, आधीची. नाही, ही. प्रत्येक गिऱ्हाईक असंच म्हणतं आणि काका मनातल्या मनात वैतागायचे. काकू वैतागल्या नाहीत. तिसऱ्या काचेला पाचवी ओळ एकदम जागेवर आली, जशी काही कोणी तिच्यावरून फडकं फिरवलं. सहावी आली. सातवीवर काका सावकाश चालत गेले, एकेका अक्षरापाशी थांबत, पण शेवटपर्यंत पोचले.

“आणि आठवी?” काकूंनी विचारलं.

काका आरशात बघत राहिले. आरशात तक्ता होता, तक्त्याखाली उघडं दार होतं, दारातून रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे झाडाची सावली होती.

“सायकल,” ते म्हणाले.

“ती ओळीत नाही.”

“पण गेली,” काका म्हणाले. “सावलीतून गेली. मागे कॅरियरला पिशवी होती.”

काकूंनी वळून बाहेर पाहिलं. मग टेबलावरची डबी ओढली आणि एक नोजपॅड आत टाकला.